निफाडचा माणूस आणि वीस लिटर दूध

थंडीबद्दल मला कोणी शिकवू नये, असं माझं स्पष्ट मत होतं. एक तर मी मूळचा निफाडचा. महाराष्ट्रातलं सर्वांत कमी तापमान म्हणून हिवाळ्यात पेपरात आमच्या गावाचं नाव येतं, आणि दिल्लीकडे इतकी वर्षं काढूनही ते मी भाच्याचा बोर्डाचा निकाल वाचावा तसं वाचतो. दुसरं म्हणजे, मी शीतगृहं बांधणाऱ्या कंपनीत पंचवीस वर्षं इंजिनिअर आहे. बटाट्याला किती अंशावर हुडहुडी भरते, हे मला झोपेतही सांगता येईल.

या हिवाळ्यात आम्ही गाझियाबादच्या एका नव्या सोसायटीत नुकतेच राहायला आलो होतो. बिल्डरने तिचं नाव ‘हिमशिखर’ ठेवलं होतं. शिखर कुठून दिसत नव्हतं, पण खिडक्या अशा काही बसवल्या होत्या की हिमाला आत यायला अडचण नव्हती. जानेवारीत अख्ख्या उत्तर भारतात थंडीचे विक्रम मोडत होते आणि रोज सकाळी गेटजवळच्या शेकोटीभोवती त्या विक्रमांचे मालक जमत होते. सोसायटीचे सेक्रेटरी पूनियाजी राजस्थानातल्या चुरूचे. त्यांच्याकडे म्हणे नळातलं पाणी गोठलं होतं. किन्नौरचे नेगीसाहेब त्यावर शांतपणे म्हणायचे, की नळाचं काय कौतुक, आमच्याकडे ओढे गोठतात. थंडी जणू यांनी स्वतः पाडली होती.

मी तिथे अर्ध्या बाह्यांचा शर्ट घालून जायचो आणि जाहीर करायचो, की निफाडचा माणूस रजई घेत नाही. घरी परतल्यावर पंधरा मिनिटं मी गिझरला टेकून उभा असायचो, पण तो आमचा खासगी मामला होता.

आता खरी गोष्ट. माझी बायको प्रभा हिने शाळेतली नोकरी सोडून मराठी जेवणाच्या ऑर्डरी घ्यायला सुरुवात केली होती. पहिली मोठी ऑर्डर आली ती थेट इंदुमतीबाईंची. या बाई दिल्लीत चाळीस वर्षं आहेत आणि त्यांनी ज्याला नाक मुरडलं तो पदार्थ दिल्लीतल्या कुठल्याही मराठी घरात पुन्हा शिजत नाही. रविवारी नातीचा साखरपुडा, साठ पानं, श्रीखंड-पुरी. चक्का घरचाच हवा, विकतचा मला वासावरून कळतो, असं त्यांनी फोनवर दोनदा बजावलं. प्रभा दोन दिवस हवेत होती. मग तिने चाचणी म्हणून वाटीभर दूध विरजलं. दुसऱ्या दिवशी दुपारीही ते दूधच होतं, फक्त जास्त गार.

“अहो, एवढ्या थंडीत दही लागणार नाही. नाही म्हणून कळवते त्यांना,” ती म्हणाली. तिचा चेहरा पाहून मला वाईट वाटलं, आणि मला वाईट वाटलं की मी इंजिनिअरिंग करतो.

“वीस लिटर माझ्यावर सोड,” मी म्हणालो. “आयुष्यभर माल गार ठेवला. गरम ठेवणं म्हणजे तेच उलटं.”

आणखी एक गोम होती. फ्लॅटमध्ये कुठलाही धंदा चालणार नाही, अशी नोटीस पूनियाजींच्या सहीने लागलेली होती. खालच्या मजल्यावरचं ब्युटी पार्लर त्यांनी महिन्यापूर्वीच बंद पाडलं होतं. त्यामुळे श्रीखंडाबद्दल चकार शब्द काढायचा नाही, असं प्रभाने माझ्याकडून कबूल करून घेतलं.

शुक्रवारी मी रजा टाकली. कोमट दुधाची दहा-दहा लिटरची दोन पातेली विरजण लावून आम्ही डबलबेडवर ठेवली, वर तीन रजया घातल्या, शेजारी हीटर लावला. प्रभा केशर-चारोळी आणायला दिल्लीला निघाली. “काय वाटेल ते करा, पण पातेली हलवू नका. हललं की दही फुटतं,” एवढं सांगून ती गेली आणि तिच्या पाठोपाठ वीज गेली.

गाझियाबादची वीज एकदा गेली की संध्याकाळच्या चहालाच परतते. मी विचार केला. या घरात विजेशिवाय सदतीस अंश तापमान राखणारं एकच यंत्र शिल्लक होतं, ते म्हणजे मी. स्वेटर, मफलर, माकडटोपी चढवून मी दोन पातेल्यांच्या मधे शिरलो, दोघांच्या गळ्यात हात टाकले आणि रजई हनुवटीपर्यंत ओढली.

तासाभराने दारावर थाप पडली. पूनियाजी होते, पाण्याच्या टाकीसंबंधी काहीतरी विचारायला आलेले. मी हलणं शक्य नव्हतं. दार उघडंच आहे, आत या, असं मी झोपूनच ओरडलो. ते आत आले आणि मला पाहून जागीच थांबले.

“श्यामकांतजी, आप? रजाई में?”

सांगा, काय उत्तर द्यायचं होतं मी? दही म्हणावं तर प्रभाचा धंदा बुडणार. मग मी आयुष्यातलं सर्वांत कठीण वाक्य उच्चारलं.

“थोड़ी ठंड लग रही है।”

पूनियाजींच्या चेहऱ्यावर आधी काळजी आली. त्यानंतर जे आलं तो आनंद होता. मोठ्या मायेने ते बेडच्या कडेवर बसले, दोन्ही पातेली डचमळली, आणि त्यांनी माझा पोटाशी घेतलेला पाय समजून उजवीकडचं पातेलं रजईवरून चाचपलं.

“अरे! पैर तो लोहे जैसा हो गया है। बिल्कुल ठंडा!” त्यांनी पातेल्याला चिमटा काढला. “कुछ महसूस हुआ?”

खोटं कसं बोलणार? नाही म्हणालो.

पुढच्या दहा मिनिटांत निफाड पडल्याची बातमी चारही मजल्यांवर पोचली. नेगीसाहेब आले, ते स्वतःची रजई आणि गरम पाण्याच्या चार पिशव्या घेऊन. तिसऱ्या मजल्यावरच्या कौल आंटींनी काश्मीरहून आणलेली, निखाऱ्यांची कांगडी त्या उजव्या पायाला टेकवून ठेवली. पूनियाजींच्या पत्नींनी बाजरीची राब आणली, म्हणजे त्यांच्याकडची ताकातली गरम पेज, आणि ती मला चमच्याने पाजू लागल्या. प्रत्येक जण रजईवर रजई टाकत होता आणि टाकताना आपल्या गावी असं झालं की काय करतात ते सांगत होता. त्यात पाय कापायचाही एक प्रकार होता.

पूनियाजी मात्र तेवढ्यावर थांबणारे नव्हते. दोन्ही हातांनी ते माझा उजवा पाय, म्हणजे दहा लिटर दूध, चोळायला लागले.

“मत हिलाइए!” मी कळवळून ओरडलो.

“देखा, दर्द हुआ। जान आ रही है,” म्हणत त्यांनी जोर वाढवला.

शेवटी माझ्यावर सात रजया होत्या, घरात अकरा माणसं होती आणि नेगीसाहेब अँब्युलन्सला फोन लावत होते. तेवढ्यात प्रभा आली. दाराबाहेर चपलांचा ढीग पाहून तिच्या हातातली पिशवी तिथेच पडली. गर्दी बाजूला सारत ती बेडपाशी आली. पांढरीफटक पडली होती. माझा चेहरा तिने पाहिला, सगळ्यांचे गंभीर चेहरे पाहिले, आणि थरथरत्या आवाजात विचारलं, “अहो, विरजण हललं का हो?”

पूनियाजींना मराठी येत नाही. विरजण त्यांना कळलं नाही, पण प्रभाने रजया उपसल्यावर जे दिसलं ते कळलं. सेक्रेटरीसाहेब स्वतःच्या तळहातांकडे पाहत राहिले. प्रभाने रडवेल्या हिंदीत सगळं सांगून टाकलं. ऑर्डर, साठ पानं, इंदुमतीबाई आणि ती नोटीस.

मग तिने उजवं पातेलं उघडलं. इतकं घट्ट दही तिने मे महिन्यातही लावलं नव्हतं.

“हमारे हाथ का है,” पूनियाजी हळूच म्हणाले. त्यांच्या आवाजात जी हळवी मालकी होती ती ऐकून मला कळलं, की नोटीस संपली.

डावं पातेलं मी चार तास छातीशी धरून होतो. ते उघडलं. आत दूध होतं, सकाळी होतं तसंच. प्रभाने ते पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि झाकण परत लावलं. पूनियाजींच्या पत्नींनी ते आपल्या घरी नेऊन, पुन्हा कोमट करून उबेसाठी बाजरीच्या कोठीत पुरलं. सकाळी दही लागलं होतं.

रविवारी इंदुमतीबाईंनी श्रीखंड दोनदा मागून घेतलं आणि तिथल्या तिथे वैभवी नावाच्या दुसऱ्या नातीच्या लग्नाची ऑर्डर दिली. चाळीस लिटर. पूनियाजींनी विरजणाच्या दिवसासाठी आपणहून स्वतःच्या घरचा बेड मोकळा ठेवला आहे, नेगीसाहेब पिशव्या घेऊन येणार आहेत.

मला त्या दिवशी प्रभाने ऑफिसला जायला सांगितलं आहे. माझ्या असण्याने खोली गार पडते, असं तिचं म्हणणं.