हळकुंडाचं बहुमत

"सूनबाईचं मत आपल्याकडंच धरा. ती कुटं काय बोलती?"

साळूबाई स्वयंपाकघरात नवऱ्याला हळूच सांगत होत्या. (हळू म्हणजे त्यांच्या मानाने.) मागच्या अंगणात कपडे वाळत घालणाऱ्या दीपमालेला शब्द न् शब्द ऐकू आला. वाईहून सांगलीला सासरी येताना तिने पुष्कळ सामान आणलं होतं. आवाज तेवढा माहेरीच राहिला होता.

सुरुवात झाली सासऱ्यांच्या भाषणावरून. दादासो हळदीचे व्यापारी, पण माइक दिसला की विचारवंत. धाकट्या लेकीच्या, संयोगिताच्या, कॉलेजात त्यांना तरुणांनी मतदान करावं यावर बोलायचं होतं. आदल्या रात्री जेवताना तालीम चालली होती. "मी तर म्हणतो, सोळाव्या वर्षीच मताचा अधिकार द्या!"

"मग घरात द्या की, आबा," सोळा वर्षांची संयोगिता म्हणाली. "वहिनीच्या नोकरीवर घ्या मतदान!"

दादासोंचा घास हातातच राहिला. दीपमालेला गावातल्याच एका शाळेत नागरिकशास्त्र शिकवायची नोकरी चालून आली होती. साळूबाईंचं म्हणणं, पहिलं वर्ष सणावाराचं, सून घरात पायजे. पण एवढं जोरदार वाक्य मागे कसं घेणार? "बहुमत होईल ते मान्य," दादासो म्हणाले.

म्हणून आज गुप्त मतदान होतं. प्रत्येकाला एक गुळाचा खडा, एक हळकुंड. नोकरीला होकार असेल तर गूळ, नकार असेल तर हळकुंड, कोठीच्या खोलीतल्या डब्यात टाकायचं. उरलेलं हळकुंड पोत्यात टाकायचं, उरलेला गूळ खाऊन टाकायचा. पुरावा नको.

दीपमालेने मनात हिशेब मांडला. नवरा वीरधवल, संयोगिता आणि ती स्वतः. पाचात तिघं. जिंकलोच!

ती कोठीत गेली. गूळ डब्यावर धरला, तोच दाराशी सासूबाईंच्या बांगड्या वाजल्या. ती गडबडली. आपण काय करतोय हे कळायच्या आत हातातलं एक डब्यात गेलं, एक तोंडात. कुठलं कुठे गेलं हे जिभेनेच सांगितलं. गोड.

"झालं का गं?" साळूबाई आत आल्या.

भरल्या तोंडाने तिने मान हलवली.

दादासोंनी डबा ताटात उपडा केला. तीन हळकुंडं, दोन खडे.

"त्यातलं एक माजं हाय," साळूबाई म्हणाल्या. "मी न्हाई लपवत." आणि नवऱ्याकडे बघून हसल्या.

दादासो खोकले. "गुप्त मतदान हाय हे."

"पण तिसरं कुणाचं?" वीरधवल बहिणीकडे वळला. "संयू, अगं तू?"

"दादा, मी गूळच टाकला! आईशपथ!"

"म्हणून अठराच बरं," दादासोंनी संधी साधली. "सोळाव्या वर्षी आपण काय टाकतोय ते तरी कळतं का पोरांना? भाषण बदलतो मी."

"लय शानी समजत हुतीस स्वताला," साळूबाईंनी भर घातली.

संयोगिताचे डोळे भरले. "वहिनी, तू तरी सांग ना गं! मी तुझ्या विरुद्ध जाईन का?"

सगळे दीपमालेकडे बघू लागले. ती कानापर्यंत लाल झाली. गप्प राहिलं तर तिचं काहीच बिघडणार नव्हतं. नोकरी गेलीच होती. जाणार होती ती या पोरीची अब्रू. एम.ए., बी.एड. झालेल्या सूनबाईंनी पदर सावरला आणि त्या सासरी आल्यापासून पहिल्यांदाच मोठ्याने बोलल्या,

"आबा, तिचं वय पुरेसं आहे. ते तिसरं हळकुंड माझं. माझं मत मी खाल्लं."