पणजीचं नाक

एकदा दूध उतू जाऊ नये म्हणून मी नवस बोलले होते. देवी, दूध वाचव, मी मुलांना एक गोष्ट सांगेन. दूध अर्धंच वाचलं. गोष्ट मात्र पूर्ण सांगते. देवीशी कोण घासाघीस करणार?

तर बाळांनो, एका जंगलात एक खारकाकू राहायच्या. व्रतं फार, घरात अडगळही फार. सासूबाईंचं मोडकं उलथनं, गणपती छापलेल्या जुन्या लग्नपत्रिका. टाकवत नाहीत ना! मग काकू ते सगळं पिंपळाखाली ठेवायच्या आणि नमस्कार करून पळायच्या. सगळेच प्राणी तसं करायचे. माझ्याकडे बघू नका.

त्या पिंपळाखाली एक कासवीण येऊन राहिली. दूरच्या क्यूबा बेटावरची. नाव कारिदाद.

"या, कारीदादा!" अस्वल म्हणालं.

"दादा काय हो? बाई आहे मी," ती हसली.

तिच्या पणजीला आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून धरून, जहाजात कोंबून त्या बेटावर नेलं होतं. पणजीचं एकही चित्र कुणाकडे नव्हतं. म्हणून कारिदाद टाकलेल्या वस्तूंतून तिची मूर्ती घडवायला बसली. ओंडक्याचा चेहरा, बाटलीच्या बुचांचे डोळे, पत्रिकांचे तुकडे चिकटवून केलेला झगा. आणि नाक उलथन्याचं.

वाघोबा आले. बघतच राहिले. "वा! हे सामान कुणाचं?"

"माझं!" सगळे एकदम ओरडले.

जो तो आपापलं उचकटू लागला. माकडाने बुचं नेली. काकू बऱ्या मागे राहतील!

"उलथनं आमच्या सासूबाईंचं. जिवापाड जपलंय हो मी!"

"काकू, डोळे मी कशाचेही करीन," कारिदाद म्हणाली. "पण हे नाक अगदी माझ्या आईसारखं आलंय. तेवढं राहू द्या."

काकूंचा जीव कळवळला. डोळे भरून आले. उलथनं पदराखाली गेलं.

नाकाच्या जागी उरलेल्या खिळ्याकडे बघत कारिदाद म्हणाली, "पणजीलाही असंच नेलं होतं. 'आमची' म्हणून."

काकूंना जेवण जाईना. शेवटी त्यांनी देवापुढे हात जोडले. "आई, मला सुबुद्धी दे. दिलीस, तर उलथनं परत नेऊन देईन."

मन इतकं हलकं झालं, की काकू दोन घास जास्तच जेवल्या. कारिदाद अजून बिननाकाच्या पणजीपाशी बसून आहे. सुबुद्धी यायची आहे.

तात्पर्य: जे आजच द्यायला हवं, त्याचा नवस बोलावा. द्यावंही लागत नाही आणि पुण्यही मिळतं. मला गुण आलाय. बाळांनो, तुम्हीही एक बोलून बघा ना.