पहिल्या ऑइलचा माणूस

मद्रासमधल्या अण्णा नगरच्या आमच्या बिल्डिंगीत कुणी नवी मोटार आणली की चार चाकांखाली चार लिंबं ठेवतात, कापूर लावतात आणि मालक गाडी पुढं घेऊन लिंबं चिरडतो. पण त्याआधी वरच्या मजल्यावरचा सेतुराव बॉनेट उघडायला लावायचा. किंमत विचारायची नाही, मायलेज विचारायचं नाही. ऑइल मोजायची पट्टी, डिपस्टिक, बाहेर ओढायची, टोकाचं ऑइल दोन बोटांत चोळायचं, नाकाशी न्यायचं, डोळे मिटायचे. बायका आरतीचं ताट धरून ताटकळत उभ्या. मग निकाल लागायचा, "सरि, ठीक. ऑइल उत्तम आहे. आतां पूजा करा."

मी साताऱ्याकडचा. सातवी नापास. तीस वर्षं बस चालवली. पोरगा इरुंगाट्टुकोट्टैला गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या कारखान्यात लागला, म्हणून मी आणि बायको शालन मद्रासला आलो. इथं मराठी कानावर पडायचं नाही. पहिल्याच आठवड्यात जिन्यात हा बुटका म्हातारा आडवा आला. "आपण महाराष्ट्रांतले कीं? आम्ही तंजावरचे. तीनशें वर्षें जाहलीं." जुन्या कीर्तनकारासारखं मराठी, वर तमिळ हेल. मला हसू आलं, शालनला मात्र तो माहेरचा माणूस वाटला.

सेतुरावनं उत्तर मद्रासमधल्या एका ऑइलच्या कारखान्यात सगळी नोकरी तपासणीत काढली होती. तो मला शाळामास्तरासारखा शिकवायचा. "मोटारवाला मोटार करतो हो तात्या, ऑइल करीत नाहीं. डब्यावर नांव त्याचें, आंतलें ऑइल दुसऱ्याचें." म्हणजे मोटारवाले कागद पाठवणार, आम्हाला ऑइल असं असं पाहिजे. ऑइलवाले नमुने देणार. ज्याचा नमुना पास होईल त्याचे टँकर मोटारीच्या कारखान्यात. तिथं लायनीवर प्रत्येक इंजिनात पहिलं ऑइल पंपानं भरायचं. पुढच्या खेपेला आणखी कुणाचं. गाडी घेणाऱ्याला याचा पत्ताच नसतो. आपल्याला मात्र वासावरून कळतं, असं सेतुराव म्हणायचा. खरंखोटं त्याचं त्याला ठाऊक. त्याचं बोट खोटं ठरवायला दुसरं नाक कुणाकडं होतं?

दोन हजार सहा साली शालनच्या हौसेसाठी मी एक लहान गाडी घेतली. हजार किलोमीटर झाले तशी मी ती गुपचूप मेकॅनिककडं नेली आणि ऑइल काढून नवीन टाकलं. डेपोत आमची तीच रीत. नव्या इंजिनात लोखंडाचा चुरा सुटतो, पहिलं ऑइल लवकर फेकायचं. येऊन सेतुरावला छाती काढून सांगितलं.

तो पायरीवर बसला. "काढिलें?"

"काढलं."

"अय्यो. तें ऑइल निराळें असतें हो! नव्या इंजिनासाठीं औषध घालून केलेलें. चुऱ्याला फिल्टर आहे. ही काय तुमची जुनी बस आहे?" आणि घरी जाऊन त्यानं डोक्यावरनं अंघोळ केली. सुतक असल्यासारखी! दहा दिवस माझ्याशी बोलला नाही.

शेवटी शालन चटणीची वाटी घेऊन वर गेली. "भाऊ, ऑइल गेलं ते गेलं. माणूस कशाला टाकता?" तेव्हा कुठं उतरला.

त्यानंतर रोज दुपारी ती दारात भाजी निवडत बसायची आणि सेतुराव समोर खुर्ची टाकून, तिला अक्का म्हणत, ऑइल सांगत बसायचा. पातळ, दाट, थंडीतलं, उन्हाळ्यातलं. मी आतनं ओरडायचो, "तुला काय कळतंय गं त्यातलं?" ती नुसती हं हं करत राहायची.

मग शालनच्या किडन्या गेल्या. आठवड्यातनं तीनदा मी तिला त्याच गाडीतनं दवाखान्यात न्यायचो. दीड वर्ष. गेल्या चैत्रात ती गेली. तेराव्याला सगळी बिल्डिंग आली. सेतुराव कोपऱ्यात बसला आणि न बोलता उठून गेला. मला राग आला. एवढ्या चहा-कॉफ्या प्यायला, एक शब्द नाही?

मी ठरवलं, गावी जायचं. पोरगा कंपनीच्या बसनं जातो, त्याला गाडीची गरज नाही. मला ती डोळ्यांसमोर नको होती. गाडी विकली की दुसऱ्या दिवशी निघायचं, असं घरात आणि बिल्डिंगीत सांगून टाकलं. गिऱ्हाईक आलं, सज्जन होतं. म्हणालं, वरच्या सरांनी एकदा ऑइल बघितलं की घेतो. सेतुरावचा शब्द म्हणजे शिक्का.

सेतुराव खाली आला. डिपस्टिक ओढली, चोळलं, वास घेतला. आणि तमिळमध्ये म्हणाला, "जळालंय. इंजिन बसणार. घेऊ नका."

गिऱ्हाईक गेलं. मी डिपस्टिक हिसकावून घेतली. टोकाला मधासारखं स्वच्छ ऑइल. मीच महिन्यापूर्वी बदललेलं.

"सेतुराव, खोटं बोललात. ऑइलच्या बाबतीत! लाज नाही वाटली?"

तो धोतराला बोटं पुसत राहिला. पुसून संपेनात.

"वाटली. जन्मांत प्रथमच. गाडी गेली कीं तुम्ही जाणार. घरांत मुलगा तमिळ बोलतो, सून इंग्रजी, नातवंडांस मी बोललों कीं हसूं येतें. अक्का होत्या. आतां तुम्ही. तुमच्या मागें मी कोणाशीं बोलूं?"

मी डिपस्टिक पुसून परत जागेवर खोचली. मग त्यानंच सांगितलं. शालननं त्याला एकदा विचारलं होतं, "भाऊ, एवढ्या गाड्यांत तुमचं ऑइल गेलं, तुमची गाडी कुठली?" कुठलीच नव्हती. तो जन्मभर बसनं हिंडला. ती म्हणाली, "बरी झाले की तात्यांना सांगते, तुम्हाला तंजावरला फिरवून आणतील." मला सांगायचं तिचं राहून गेलं. माझ्या बायकोचं हे बोलणं मला ती गेल्यावर चार महिन्यांनी कळलं, तेही या माणसाच्या तोंडून.

दुसऱ्या सकाळी मी किल्ली घेतली आणि त्याला हाक मारली. इस्त्रीचा सदरा घालून आला. मागचं दार उघडायला लागला.

"पुढं बसा," मी म्हणालो. मागची जागा तिची होती.

तंजावरच्या वाटेवर तांबरम गेलं, चेंगलपट्टू गेलं, यानं ऑइलचा एक शब्द काढला नाही. मांडीवर हात ठेवून पाहुण्यासारखा बसला होता. मग हळूच विचारलं, "अक्का काच उघडी ठेवीत कीं बंद?"

"उघडी. कितीही ऊन असू दे."

त्यानं काच खाली केली.