साळूताईंचे सोळा मंगळवार

एका जंगलात, बाळांनो, देवी एकच होती, पण उपास सातही वारांचे होते. त्यातले पाच वार एकट्या साळूताईच धरत.

साळूताई म्हणजे साळिंदर. अंगभर काटे, पण स्वभाव लोण्याचा. शेजारच्या पिल्लाला नुसती शिंक आली, तरी साळूताई वनदेवीला नारळ बोलून मोकळ्या! उरलेल्या दोन वारी त्या पोटभर जेवत. त्यातल्या गुरुवारी तर पोटभर हसतही.

गुरुवारी ओढ्याकाठी बाजार भरे आणि बाजारात ढोले-काडे यांचा खेळ होई. ढोलेराव हे अस्वल. काडेमास्तर हे बगळे. खेळ वीस वर्षं एकच. ढोलेराव खांद्यावर लांबलचक बांबू घेऊन चालत. मागून काडेमास्तर हाक मारत, "ढोलेराव!" ढोलेराव वळत, "काय?" बांबूही वळे. मास्तर चटकन वाकत, वाचत, आणि ऐटीत मान वर काढत. तेवढ्यात ढोलेराव पुन्हा पुढे वळत आणि बांबूचं टोक फिरून मास्तरांच्या टाळक्यात. मास्तर चिखलात! मग ढोलेराव शोधायला येत, "मास्तर? अहो मास्तर?" पाय घसरे, आणि तेही चिखलात. बरोबर मास्तरांवर.

सगळ्या जंगलाला हे पाठ होतं. पिल्लं आधीच ओरडत, "मास्तर, वाका!" तरी दर गुरुवारी साळूताई अशा हसत, की त्यांचे काटे खळखळ वाजत आणि शेजारचा ससा सरकून बसे.

एका गुरुवारी ढोलेरावांना चिखलातून उठायला जरा वेळ लागला. लोकांना वाटलं, नवीन गंमत. लोक दुप्पट हसले. साळूताईंना मात्र त्यांचा कमरेवरचा पंजा दिसला.

घरी आल्या आणि देवीपुढे सुपारी ठेवली. "आई, त्या दोघांना पडू देऊ नकोस. मी सोळा मंगळवार अळणी खाईन."

साळोजी, म्हणजे त्यांचे यजमान, कोपऱ्यातून म्हणाले, "माझ्यासाठी कधी सोळा धरले नाहीस ते?"

"तुम्ही कधी पडलात?"



सोळा मंगळवार झाले. साळूताई प्रसाद आणि दोन दोरे घेऊन ढोलेरावांच्या गुहेत गेल्या. एक दोरा ढोलेरावांच्या मनगटाला बांधला, एक मास्तरांच्या पायाला.

"आता देवी तुम्हाला पडू देणार नाही," त्या म्हणाल्या.

ढोलेरावांचे डोळे भरून आले. आजवर लोकांनी त्यांच्यावर भुईमुगाची टरफलं टाकली होती. त्यांच्यासाठी मीठ कोणी सोडलं नव्हतं.

"ताई," ते म्हणाले, "आता आम्ही पडणार नाही. तुमचं व्रत मोडू देणार नाही."

पुढच्या गुरुवारी सगळं जंगल जमलं. मास्तरांनी हाक मारली, "ढोलेराव!"

"काय?" ढोलेराव म्हणाले. न वळता.

"काही नाही. जपून चला."

"तुम्हीही."

दोघं ओढ्यापलीकडे गेले. खेळ संपला.

कोणी हसेना. मग रसिक मंडळाचे अध्यक्ष कोल्हेसाहेब उठले. "वा! आता यांची कला विनोदाच्या पलीकडे गेली!" सगळे म्हणाले, "गेली, गेली." भर वैशाखात अस्वलाला शाल पांघरली. बगळ्याला नारळ दिला. तो त्याला उचलेना.

"आई, हे कधी पडणार?" एका पिल्लानं विचारलं.

"गप. मोठी माणसं आहेत. नमस्कार कर."

तेव्हापासून लोक येत, नमस्कार करत आणि कांदे-बटाटे घ्यायला निघून जात. साळूताई मात्र नेमानं पहिल्या रांगेत बसत. चौथ्या गुरुवारी त्यांना खेळात चक्क झोप लागली. जाग आली तेव्हा मैदान रिकामं होतं. त्यांना इतकी लाज वाटली, की त्या क्षमा मागायला करवंदीच्या जाळीमागे निघाल्या. खेळ संपला की दोघं तिथे बसत.

जाळीपलीकडून मास्तरांचा आवाज आला. "एकदाच पडू या का, ढोलेराव? इथे कोण बघतंय?"

"नको, मास्तर. त्या बाईनं सोळा आठवडे अळणी खाल्लंय."

"मग बांबू तरी फिरवा. मी वाकतो."

"वाकलात की पडावंसं वाटेल."

दोघं चिखलाकडे बघत राहिले. उपासाच्या दिवशी भज्यांकडे बघावं, तसे. साळूताईंना ती नजर ओळखीची होती.

त्या पुढे झाल्या. "ढोलेराव, खरं सांगा. कंबर कशी आहे?"

"दुखते, ताई. पूर्वीही दुखायची. पण लोक हसले की दोन दिवस थांबायची. आता सातही दिवस दुखते."

घेतलेला वसा टाकायचा? आजवर एक एकादशी चुकली नव्हती. देवीचा कोप झाला तर? त्यांनी देवीचं नाव घेतलं, डोळे मिटले आणि दोन्ही दोरे दातांनी कराकरा तोडले.

"ताई, पाप लागेल!" मास्तर ओरडले.

"लागू दे. मला लागेल. तुम्ही पडा."

गुरुवारी साळूताई सगळ्यांपासून लांब, एका उंच दगडावर जाऊन बसल्या. वीज पडलीच तर आपल्या एकटीवर पडावी, उगाच सशाला चटका नको.

"ढोलेराव!"

"काय?" ढोलेराव वळले.

"मास्तर, वाका!" सगळं जंगल ओरडलं. मास्तर वाकले, वाचले, मान वर काढली. टाळक्यात बांबू. चिखलात मास्तर. मागोमाग ढोलेराव.

आणि ढोलेराव उठेनात.

जंगल शांत. साळूताईंनी आभाळाकडे बघितलं. झाला कोप!

चिखलातून मास्तरांचा चेपलेला आवाज आला, "ढोलेराव, घाई नाही. पण मी खाली आहे."

जंगल फुटलं. हसता हसता साळूताईंचा तोल गेला आणि त्या दगडावरून थेट करवंदीच्या जाळीत कोसळल्या. लोकांना वाटलं, खेळात तिसरं पात्र आलं. त्यांनी वन्समोर दिला.

घरी साळोजी चिमटा घेऊन त्यांचे काटे काढायला बसले. थोड्या वेळानं त्यांनी विचारलं, "यातले तुझे कोणते गं?"

"जे दुखतात ते करवंदीचे. देवीनं शिक्षा केली हो मला," साळूताई आनंदानं म्हणाल्या. मग लंगडत देवीपुढे गेल्या आणि हात जोडले. "आई, आता कोणासाठी काही मागायची नाही. फक्त येत्या गुरुवारी जागा पुढची मिळू दे. त्याचे पाच शुक्रवार करीन."

तात्पर्य : आपल्या आवडत्या माणसांचं भलं देवाकडे फार मनापासून मागू नये. एखादे वेळी मिळतं.