पोटकपात: पूर्वतयारी आणि अपेक्षित परिणाम

माणसाच्या प्रगतीत त्याच्या पोटाचा वाटा किती, याबद्दल जाणकारांत एकमत नाही. पोट माणसाच्या पुढे असते आणि प्रगती त्याच्याही पुढे, एवढे मात्र सर्वमान्य आहे. तेव्हा प्रगतीपर्यंत हात पोचत नसेल, तर मध्ये काय आडवे येते हे ओळखायला फार शिक्षण लागत नाही. (माझे पुरेसे झाले आहे.)

मी लोखंडी कपाटे बनवणाऱ्या एका कारखान्यात, रवानगी विभागात काम करतो. तयार कपाट कोणत्या गाडीत चढवायचे, त्याला गोणपाट कुठे बांधायचे, दोरी कशी आवळायची, हे सगळे मी पाहतो. कपाट नेहमी उभे जाते. आडवे टाकले की बिजागऱ्या वाकतात आणि मग दार जन्मभर कुरकुरते. ही गोष्ट मी आमच्या साहेबांना अनेकदा, चारचौघांत, स्पष्ट आवाजात सांगितलेली आहे. साहेब उंचीने बेताचे आहेत आणि मी ताडमाड. माझ्याशी बोलायचे तर त्यांना मान वर करावी लागे. म्हणून ते माझ्याशी बोलत नसत.

विभागप्रमुखाची जागा तीनदा रिकामी झाली आणि तिन्ही वेळा माझ्या डोक्यावरून दुसऱ्याच्या पदरात पडली. मी मनाला लावून घेणारा माणूस नाही. पहिल्या वेळी मी फक्त जेवण सोडले, दुसऱ्या वेळी दुप्पट जेवलो, आणि तिसऱ्या वेळी शास्त्रीय दृष्टीने विचार करायला बसलो.

निवड झालेल्या तिघांची मी पाहणी केली. तिघांचीही पोटे सपाट, म्हणजे शंभर टक्के. निवड न झालेल्यांत पोट सुटलेल्यांचे प्रमाणही शंभर टक्के. (त्यांत मी एकटाच होतो.) एवढा स्वच्छ निष्कर्ष मोठमोठ्या संशोधकांच्याही नशिबी नसतो. हे तिघे साहेबांच्या केबिनच्या दारातच कमरेत वाकत, हेही माझ्या नजरेतून सुटले नव्हते. पण सपाट पोटामुळे त्यांना ते जमत असावे, असे मी धरून चाललो.

बायकोपुढे प्रस्ताव मांडला.

"पोट पुढे आलं म्हणून बढती मागे राहिली, हे तुम्हाला कुणी सांगितलं?" ती म्हणाली.

"आकडे सांगतात."

"मग रोज सकाळी चाला थोडं. फुकट असतं ते."

चालण्याने पोट उतरते, हे मला तत्त्वतः मान्य आहे. परंतु त्यासाठी ज्याचे पोट त्यालाच चालावे लागते, ही त्या पद्धतीतली फार मोठी उणीव आहे. शस्त्रक्रियेत आपण नुसते झोपून राहायचे असते आणि मेहनत दुसरा करतो. कचेरीत इतकी वर्षे काढलेल्या माणसाला यातला फरक समजावून सांगावा लागत नाही.

सर्जन शिडशिडीत आणि अतिशय अदबशीर होता. त्याने माझे पोट दोन्ही हातांत धरून, कलिंगड जोखावे तसे जोखले.

"एक लक्षात घ्या, ही वजन कमी करायची शस्त्रक्रिया नाही," तो म्हणाला. "जादाची कातडी आणि खालची चरबी काढायची. आतले स्नायू सैल पडलेत, ते आवळायचे. कातडी खाली ओढली की बेंबीला नव्यानं वाट करून द्यावी लागते."

मी मान डोलावली. माझ्या घराण्यात कुणाला काही नव्याने करून मिळत असल्याचा हा पहिलाच प्रसंग होता.

मग 'आधीचा' फोटो. कागदाची चड्डी घालून निळ्या पडद्यापुढे उभे राहायचे: समोरून, डावीकडून, उजवीकडून. सर्जनच्या अल्बममधले 'आधीचे' लोक दुःखी होते आणि 'नंतरचे' हसत होते. मी फोटो काढणाऱ्या नर्सला विचारले, "सिस्टर, चेहरा पाडू का?"

"काही वेगळं करायची गरज नाही, काका," ती म्हणाली. "मस्त आलाय."

शस्त्रक्रिया उत्तम झाली. ती कशी झाली हे मला ठाऊक नाही, आणि तेच तिचे सर्वांत मोठे वैशिष्ट्य म्हणता येईल. जागा झालो तेव्हा पोटावर करकचून पट्टा होता आणि दोन्ही बाजूंनी दोन नळ्या बाहेर आल्या होत्या. नळ्यांतून डब्यांत साचणारे पाणी बायको मोजायची, आणि लग्नानंतर प्रथमच माझ्यातून काहीतरी नियमित निघत असल्याबद्दल समाधान व्यक्त करायची.

यानंतर काय अपेक्षित असते, ते इच्छुकांच्या माहितीसाठी देतो. खोकू नये. शिंक आल्यास उशी पोटाशी धरावी आणि आपल्या आवडीच्या व्यक्तीचे नाव घ्यावे. जड उचलू नये. (हा नियम मी बरा झाल्यावरही पाळतो आहे.) हसण्यास सक्त मनाई असते, ती मला जड गेली नाही, कारण समाचाराला साडूभाऊ येत. नातेवाइकांना हर्निया सांगण्यात आला होता. त्यामुळे मामांनी त्यांचा स्वतःचा हर्निया, त्याची वाढ, त्याचे स्वभावविशेष आणि अखेर असे सगळे चरित्र सांगितले. आत्याने "फार बारीक झालास रे" म्हणून डोळ्यांना पदर लावला. ज्यासाठी पोट फाडून घेतले ते वाक्य अखेर मिळाले, आणि ते ऐकून मला आजारी असल्यासारखे वाटले.

सर्वांत महत्त्वाची सूचना सर्जनने घरी सोडताना दिली. "काही दिवस कमरेत वाकूनच चालायचं. एकदम ताठ झालात तर टाक्यांवर ताण येईल."

तसाच वाकून मी कामावर हजर झालो. माझे पोट गेल्याचे कचेरीत कुणाच्याही लक्षात आले नाही. सदरा पुढे लोंबत होता आणि त्याच्या आत काय आहे किंवा नाही, याची चौकशी करण्याइतके कुणाचे माझ्यावर प्रेम नव्हते. शिपायाने तेवढे "पाठ धरली का हो?" असे विचारले.

व्हरांड्यात साहेब समोरून आले आणि आमची नजरानजर झाली. साहेबांचे डोळे घारे आहेत, हे मला त्या दिवशी कळले.

"काय हो! बरेच दिवस दिसला नाहीत," साहेब म्हणाले. "या की आत. बसा."

मी आत गेलो. दारातून शिरताना वाकावे लागले नाही, कारण वाकलेलोच होतो. साहेबांनी माझ्यासाठी पाणी मागवले. मग बराच वेळ माझ्याकडे कौतुकाने पाहत राहिले.

"माणूस बदलू शकतो. आधी तुम्ही कसे, असे असायचात," म्हणत त्यांनी स्वतःची मान ताठ करून दाखवली. "आता बरं वाटतं बोलायला."

विभागप्रमुखाची जागा पुन्हा रिकामी होते आहे, या खेपेला ती मला देण्याचा विचार आहे, पत्र महिनाअखेरीस निघेल, असे त्यांनी त्याच बैठकीत सांगितले. मी कृतज्ञतेने आणखी वाकणार होतो, पण त्या दिशेला आता जागा उरली नव्हती.

पुढच्या तपासणीला सर्जन खूष झाला. "झकास जुळून आलंय. आता बिनधास्त ताठ उभे राहा."

"अजून थोडे दिवस वाकून चालेल का?"

"का? दुखतंय?"

"दुखत नाही. कामाच्या ठिकाणी गरज आहे."

सर्जनने पुष्कळ शिक्षण घेतलेले असले, तरी हे त्याच्या अभ्यासक्रमात नसावे. तो म्हणाला, "माझ्याकडून तुम्हाला ताठ राहायची पूर्ण परवानगी आहे." मी आभार मानले. परवानगी जवळ असलेली बरी. वापरलीच पाहिजे असे नाही.

महिना संपायच्या आधी एक मोठी मागणी आली. कपाटे जास्त आणि गाडी एकच. साहेब स्वतः माल चढवायच्या धक्क्यावर आले, गाडीभोवती एक फेरी मारून म्हणाले, "आडवी रचा. सगळी मावतील."

हमाल थांबले. गाडीचा ड्रायव्हरही माझ्याकडे पाहू लागला. आता मी ताठ होणार आणि बिजागऱ्यांचे व्याख्यान देणार, हे त्या सगळ्यांना पाठ होते. मलाही पाठ होते. पोटात एकही टाका उरला नव्हता, कुठे काही ओढत नव्हते, सर्जनची परवानगी होती. मी जमिनीकडे पाहत म्हणालो, "बरोबर आहे साहेब. आडवीच मावतील."

कपाटे आडवी गेली आणि वाकडी होऊन पोचली. गिऱ्हाइकाने तक्रार केली तेव्हा साहेबांनी मला विचारले, "ड्रायव्हरनं गाडी आदळली असणार, नाही का?" मी म्हणालो, "असणार." ड्रायव्हरला पुन्हा येऊ नकोस असे कळवण्यात आले. कळवण्याचे काम विभागप्रमुखाचे असते, आणि पत्र तोवर माझ्या हातात पडले होते. तो गाडीची चावी बोटात फिरवत माझ्याकडे बघत राहिला आणि निघून गेला. मला स्वतःची लाज वाटली. हे वाक्य मी उपरोधाने लिहिलेले नाही.

घरी आनंदीआनंद झाला. बायकोने माझे नवे जाकीट खांद्यावर धरून पाहिले. ते पाठीवर चढत होते आणि पुढे गुडघ्यांकडे लोंबत होते.

"अजून दुखतंय का हो?" तिने विचारले.

"नाही."

"मग सरळ उभे राहा ना. घरात कोण आहे बघायला?"

मी प्रयत्न केला. थोडा वर आलो आणि परत खाली गेलो. काय होते आहे ते मलाही सांगता येईना.

तिने जाकीट घडी करून बाजूला ठेवले. "एवढं वाकायचंच होतं, तर पोट कशाला काढलंत? वाकल्यावर पोट दिसतं का कुणाला?"

हा मुद्दा माझ्या पाहणीतून सुटला होता. निवड झालेल्या तिघांपैकी एकाला चांगले गरगरीत पोट आहे, असे मला परवा स्वच्छतागृहात दिसून आले. तो तिथे एकटा असताना सरळ उभा राहतो.

तरी मी शस्त्रक्रिया वाया गेली असे मानत नाही, आणि इच्छुकांनीही मानू नये. माझ्याकडे कमरेच्या या बाजूपासून त्या बाजूपर्यंत गेलेला एक लांबलचक व्रण आहे. का हो, असे वाकून का चालता, असे कुणी विचारलेच, तर मला सदरा वर करून तो दाखवता येतो. लोक हळहळतात आणि पुढे विचारत नाहीत. तुमचे पोट जागच्या जागी आहे, अंगावर एक टाका पडलेला नाही, आणि तरीही सकाळी साहेबांच्या दारात तुम्ही माझ्या पुढेच रांगेत असता. तुम्हाला कुणी विचारले, तर तुम्ही काय दाखवणार?