गोदाकाकूंची पाच मिनिटं

गोदाकाकू पहिल्यांदा आमच्या पोस्टात आल्या, राखीचं पाकीट माझ्यासमोर ठेवलं आणि सरळ फरशीवर उताण्या झाल्या. मी घाबरून तांब्या उचलला आणि त्यांच्या तोंडावर पाण्याचा हबका मारला. काकूंनी एक डोळा उघडला.

"मेली नाई मी, मास्तर. ढिली होऊन राहिली. पाच मिनिटं हात लावू नका."

मग भर पोस्टात त्यांनी आपल्या अंगाला हुकूम सोडले. "अंगठ्या, ढिला हो. टाचे, तूबी. कंबरे, तुले काय येगळं सांगू?" पाच मिनिटांनी उठल्या, पदराने तोंड पुसलं आणि म्हणाल्या, "हं, मारा शिक्का."

शेंदूरजनाघाटात काकूंची संत्र्याची बाग आहे आणि आठ वर्षांपासूनचं कमरेचं दुखणं आहे. गोळ्या झाल्या, पट्टे झाले, बाळापूरचा एक चोळणारा झाला. शेवटी अमरावतीच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, हे दुखणं पुरतं जायचं नाही. अंग सैल सोडायला शिका आणि मन आनंदात ठेवा. पहिलं काकूंनी तंतोतंत पाळलं. दुसऱ्यासाठी त्यांनी कमरेला शिव्या देणं बंद केलं आणि फुकट सल्ले देणाऱ्यांना सुरू केलं.

"कशी आहे कंबर?" असं विचारलं की ठरलेलं उत्तर येतं. "दुखून राहिली. दुखू दे. थे तिच्या कामात, मी माह्या कामात." एका लग्नात मंगलाष्टकं चालू असतानाच त्या मांडवात आडव्या झाल्या. नवरानवरीपेक्षा जास्त अक्षता काकूंवर पडल्या.

मुलगा प्रमोद अकोल्याला असतो. त्याला आईची काळजी, आणि काकूंना त्या काळजीचा भयंकर राग. यंदा झाडावरचा माल बघायला व्यापारी यायचा होता, तेव्हा प्रमोद गावी आला आणि त्याने अटच घातली.

"आई, त्याच्यासंगं सारी बाग फिरून दाखव. मधात कुठी बसली, तं बाग दुसऱ्याले बटईनं कसाले देतो अन् तुले अकोल्याले नेतो."

"मंजूर!" काकू म्हणाल्या आणि साक्षीदार म्हणून मला ओढून नेलं.

झाडांच्या दहा-बारा ओळी त्या व्यापाऱ्यापुढे ताठ चालल्या. पुढे चेहरा उतरला, ओठ आवळले गेले. आता ही बाई बाग गमावते, असं मला वाटलं. प्रमोद धरायला धावला. काकूंनी त्याचा हात झटकला आणि एका जुन्या झाडाखाली आडव्या झाल्या.

"'बसली तं' म्हटलं होतं तू. मी बसली का?"

काकू व्यापाऱ्याला म्हणाल्या, "भाऊ, उभ्यानं काय माल पायता? व्हा आडवे."

बिचारा झाला आडवा. वर, पानांच्या आत, बाहेरून न दिसणारी संत्री गच्च लटकली होती. पाच मिनिटं झाली तरी तो उठेना. "लय दिवसानं पाठ टेकली, मावशी," म्हणाला. प्रमोदला हसू आवरेना. "राय तू इथंच," एवढंच तो बोलला आणि व्यापाऱ्याला उठवून पुढच्या ओळी दाखवायला घेऊन गेला.

मीही काकूंच्या शेजारी पाठ टेकली.

"मान दुखते ना तुमची?" त्यांनी विचारलं.

"काही नाही हो, मानच नाटकं करते जराशी."

काकू ताडकन उठून बसल्या. "नाटक म्हनू नका." मग आवाज खाली आला. "पयले आमच्या यायची, प्रमोदच्या बापाची, कंबर दुखे. ह्याच झाडाखाली म्हनत, गोदे, पाच मिनिटं पडू दे. मी म्हनो, नाटकं पुरे, उठा, झाडाले पानी सोडा लागते. उठत बिचारे. ते गेले, अन् मंग माही दुखाले लागली, तवा समजलं."

त्यांनी झाडाच्या बुंध्याला हात लावला. "पाचच मिनिटं मांगत होते, मास्तर."

मी उठायला लागलो, तसा त्यांनी माझा खांदा खाली दाबला.

"पडा तुमी. कोनी उठवाले आलं, तं मी हाओ इथं."