खलीलसाब आणि खालची रेघ

आमच्या गल्लीत पाहुणा आला की पाण्याचा तांब्या मिळण्यापूर्वी त्याला गाडीचे बॉनेट उघडावे लागते. हा नियम नगरपालिकेचा नाही. खलीलसाबांचा आहे.

गाडी थांबली की ते समोरच्या ओट्यावरून उठतात. खांद्यावर पंचा, डोक्याला जाळीची टोपी, चष्मा कपाळावर. "बॉनेट खोला," एवढेच म्हणतात. त्या आवाजात इतका सरकारीपणा असतो, की माणूस आधी हुकूम पाळतो आणि हे गृहस्थ कोण हे नंतर विचारतो. ऑईलची पट्टी ओढून पुसायची, परत घालायची, परत काढून उजेडात धरायची. मग ब्रेक ऑईलची डबी. मग काचेवर फवारायचे पाणी. शेवटी इंजिन थंड ठेवणारे कूलंट. त्याला ते 'हिरवं पाणी' म्हणतात. या प्रत्येक ठिकाणी दोन रेघा असतात. पातळी दोन्हींच्या मध्ये असली की त्यांची मान हलते. खालच्या रेघेखाली असली, तर दावणीला जनावर तहानलेले ठेवणाऱ्याकडे पाहावे तसे ते मालकाकडे पाहतात.

"रेघ बघता का कधी?" ते विचारतात.

बहुतेक लोक खाली मान घालतात.

हल्ली गल्लीतले लोक पाहुण्यांना गाडी बस स्थानकाजवळ लावून चालत यायला सांगतात. खलीलसाब पाहुण्यांच्या चपलांवरची धूळ पाहतात आणि पंचा घेऊन बस स्थानकाकडे निघतात.

त्यांच्याकडे स्वतःची गाडी नाही. त्यांना गाडी चालवता येत नाही. त्यांची नोकरी माकणीच्या धरणावर झाली. भिंतीवर रंगवलेल्या पट्टीपाशी उभे राहायचे, पाणी कुठवर आले ते वाचायचे आणि वर कळवायचे, हे त्यांचे काम. दुष्काळात पट्टीचा तळ उघडा पडला, तरी ते रोज जाऊन पाहत. "पाणी न्हाय हे पन बघावंच लागतंय, अप्पा," ते मला म्हणाले होते. मी न्यायालयात नोकरी केलेला माणूस. मला ते वाक्य पटले.

त्यांच्या छंदाची झळ मलाही लागली. माझ्या नातीला पाहायला लातूरहून मंडळी आली होती. मुलाचे वडील पोह्यांची बशी हातात घेत होते, तोच खलीलसाब ऑईलची काळी ठिबकणारी पट्टी हातात धरून दारात उभे राहिले. "हे तुमचंच का?" त्यांनी सर्वांदेखत विचारले. मुलाच्या वडिलांनी बशी खाली ठेवली. स्थळ तिथेच मोडले. खलीलसाबांना खेद नव्हता. "जे तेल बदलत न्हाईत, ते पोरगीला काय जपणार?" ते म्हणाले. या युक्तिवादाला माझ्याकडे उत्तर नव्हते. माझ्या सुनेकडे होते, आणि ते तिने कित्येक दिवस दिले.

एकदा निवडणुकीच्या दिवसांत एका उमेदवाराचा ताफा चौकात अडकला. खलीलसाबांनी पहिल्याच गाडीचे बॉनेट उघडवले. काच धुण्याचे पाणी आटलेले होते. "सायेब," खलीलसाब खिडकीशी वाकून म्हणाले, "तुमाला म्होरलं दिसतंय का?" चौकातले लोक हसले. उमेदवाराने काच वर घेतली.

या साऱ्याचा उगम त्यांच्या मुलाच्या गाडीत आहे. इम्रान पुण्याला कारखान्यात नोकरी करतो. त्याने नवी गाडी पहिल्यांदा घरी आणली, तेव्हा बॉनेट उघडून वडिलांना हिरव्या पाण्याची पांढरी टाकी दाखवली होती. "हे बघा अब्बा, तुमचंच काम. वरची रेघ, खालची रेघ. जाताना तुम्हीच बघून देत जा." पुढच्या वर्षी खलीलसाबांची पत्नी वारली. इम्रानचे येणे आधी महिन्याला होते, मग ईदेपुरते आणि सुट्टीपुरते झाले. रेघ बघणे मात्र वाढत गेले आणि मुलाच्या गाडीवरून साऱ्या गल्लीच्या गाड्यांवर आले.

गेली दोन-तीन वर्षे एक विचित्र गोष्ट घडत होती. इम्रान निघायच्या दिवशी हटकून हिरवे पाणी खालच्या रेघेखाली गेलेले सापडे. खलीलसाब ते शोधून काढत. मग मेकॅनिक येई, गळती शोधी, ती सापडत नसे. एक नळी बदलून झाली, मग दुसरी झाली. तेवढ्यात ऊन चढे आणि निघणे दुसऱ्या दिवसावर जाई. "अप्पा," इम्रान मला एकदा म्हणाला, "पुण्यात ही गाडी थेंब पीत नाही. इथं गावी, मुरुममध्ये आली की हिला तहान लागते."

गेल्या मे महिन्यात तो बायकोला आणि लहान मुलीला, झोयाला, घेऊन आला. निघण्याच्या आदल्या संध्याकाळी ओट्यावर बापलेकांचे वाजले. मी समोरच बसलो होतो.

"उद्या सकाळी निघणार म्हणजे निघणार, अब्बा. परवा कामावर नसलो तर जागा जाईल. मागच्या वेळचा उशीर साहेब अजून विसरलेला नाही."

"सकाळी बघू की. रेघ बघून."

"रेघ मी आत्ता बघितली. बरोबर मध्ये आहे."

"सकाळची येगळी आसती."

इम्रान उठून आत गेला. दार त्याने आपटले नाही, सावकाश लावले. मला ते आपटण्यापेक्षा वाईट वाटले.

सकाळी उजाडल्यावर मी अंगणात तुळशीला पाणी घालत होतो. खलीलसाब फाटकाशी आले. मशिदीतून आलेले दिसत होते. चेहऱ्याला रंग नव्हता. हातात कापडी पिशवी होती.

"अप्पा, गाडी काढा."

"कुठे जायचे?"

"इम्रान गेला. मी नमाजाला गेलो, तेवढ्यात गेला. गाडीत पानी न्हाय."

"तुम्हाला कसे कळले?"

पिशवीतून एक प्लास्टिकची बाटली काढून त्यांनी माझ्यापुढे धरली. ती हिरव्या पाण्याने गळ्यापर्यंत भरली होती.

मला उलटतपासणीची गरज उरली नाही. तरीही विचारले, "दर वेळी?"

"दर वेळी बोटभर काढत होतो. कुलरच्या बारीक नळीनं. वढून, बाटलीत ठिवायचं. मग सापडल्यासारखं करायचं. मागल्या खेपंला तो म्हनला, इतकं कमी चालतंय अब्बा. म्हनून ह्या खेपंला..." ते थांबले. "पार तळ दिसंपर्यंत काढलं. वाटलं, आता न्हाय म्हनता येनार न्हाय. मी आल्यावर दाखवनारच होतो."

मी किल्ली आणली. माझी गाडी जुनी आहे. खलीलसाबांच्या धाकाने ती मुरुममधल्या कुठल्याही गाडीपेक्षा नीट आहे. तिचे बॉनेट उघडल्याशिवाय त्यांनी मला कधी फाटकाबाहेर जाऊ दिलेले नाही. त्या सकाळी ते सरळ आत बसले.

"बघायचे नाही?" मी विचारले.

"चला."

गावाबाहेर पडेपर्यंत त्यांनी मुलाला फोन लावला, पुन्हा लावला. घंटा वाजत होती. तो घेत नव्हता. सुनेचा फोन बंद लागत होता. मी माझा फोन दिला. इम्रानने माझाही घेतला नाही. म्हातारा शेजाऱ्याला मध्ये घालतो आहे असे त्याला वाटले असावे. मलाही तसेच वाटले असते.

"संदेश पाठवा," मी म्हणालो.

खलीलसाबांनी चष्मा डोळ्यांवर ओढला. बोट अक्षरांवर फिरत राहिले. "काय लिवू?" त्यांनी विचारले. त्यांनी फोन मांडीवर पालथा ठेवला.

महामार्गाला लागलो. सूर्य पाठीमागे होता आणि सकाळीच डांबर तापू लागले होते. मी आयुष्यात कधी वेगाने गाडी चालवलेली नाही. त्या दिवशी चालवली. खलीलसाब पुढे वाकून रस्त्यावरचे ओले डाग शोधत होते. कडेला उभी असलेली प्रत्येक गाडी जवळ येईपर्यंत ते श्वास रोखून धरत. उसाचा रिकामा ट्रॅक्टर. बिघडलेला ट्रक. टेकून झोपलेला मोटारसायकलवाला.

"इंजिन जाम झालं तर गाडी कशी थांबती, अप्पा? हळू का एकदम?"

"मला माहीत नाही."

"मागनं ट्रक आसतेत."

"गप्प बसा."

नळदुर्गच्या अलीकडे, एका चिंचेखाली, ती गाडी दिसली. बॉनेट वर होते आणि वाफ निघत होती. इम्रानची बायको सना मुलीला कडेवर घेऊन दूर उभी होती. इम्रान हाताला टॉवेल गुंडाळून टाकीच्या झाकणाकडे वाकला होता.

मी गाडी थांबवायच्या आत खलीलसाबांनी दार उघडले. चपला माझ्याच गाडीत राहिल्या. "हात नक्को लगा! उबलता पानी मुँह पे आता!" ते अनवाणी पायाने पळत गेले आणि मुलाचा हात मनगटाशी धरून मागे ओढला. त्या वयात त्यांच्या अंगात एवढे बळ असेल असे मला वाटले नव्हते.

इम्रान धडपडला, सावरला. आधी त्याने बापाकडे पाहिले, मग माझ्याकडे. "तुम्ही इथं कसे?" मग उत्तराची वाट न पाहता सांगू लागला. तापमानाचा काटा वर चढलेला सनाने पाहिला, म्हणून लगेच थांबलो. काल पाणी होतं. रात्रीतून एवढं गेलं म्हणजे मोठी गळती आहे. तो खडीवर उताणा झाला आणि गाडीखाली सरकून नळ्या पाहू लागला.

"सुकी आहे," खालून त्याचा आवाज आला. "सगळी सुकी आहे."

माझ्या मनात एक सोयीचे वाक्य तयार झाले होते. बापाची लाज राहिली असती. मी ते उच्चारण्यापूर्वी खलीलसाबांनी पिशवीतून बाटली काढली आणि गाडीच्या पुढच्या काठावर ठेवली.

इम्रान बाहेर आला. बाटलीकडे पाहत राहिला. माझ्यासमोर तो नेहमी मराठीत बोलतो. आता तो घरच्या बोलीत बोलला.

"आप निकाले?"

"हां."

"पिछली बार बी?"

"पिछली बार बी."

"और ईद को?" हे सनाने विचारले.

"ईद को नै," खलीलसाब म्हणाले. "ईद को सच्ची कम था."

कुणी हसले नाही. सनाने तोंड फिरवले. ती रडते आहे की हसू दाबते आहे हे मला मागून समजले नाही. इम्रानने टॉवेल हातावरून उलगडला आणि जमिनीवर टाकला.

"झोया थी गाडी में, अब्बा."

खलीलसाबांनी मान हलवली. ते तसेच अनवाणी खडीवर उभे राहिले. मी त्यांच्या चपला आणून पायाशी ठेवल्या.

इंजिन थंड झाल्याशिवाय झाकण उघडता येत नव्हते. तेव्हा थांबणे भाग होते. इम्रान बऱ्याच अंतरावर जाऊन पाठमोरा उभा राहिला. सनाने चिंचेखाली चादर टाकली आणि वाटेसाठी बांधलेला डबा उघडला. चपातीत गुंडाळलेले खिम्याचे घास तिने आधी सासऱ्याला दिले. ते घेईनात. मग झोयाने आपल्या हाताने एक घास दिला. तो त्यांनी घेतला. मला शेंगदाण्याची चटणी आणि दही वेगळे काढून दिले गेले. आमच्या घरी मांसाहार चालत नाही, हे त्या गोंधळातही तिच्या ध्यानात होते.

झोया आजोबांना टेकून झोपली. ट्रक जात राहिले. वाफ केव्हाच थांबली होती. बऱ्याच वेळाने इम्रान परत आला आणि चादरीच्या कडेला बसला. बापाशी बोलला नाही. पण डब्यातून खाल्ले.

चिंचेची सावली आखडत गाडीच्या चाकाशी आली. तेव्हा खलीलसाबांनी झोयाचे डोके अलगद सनाच्या मांडीवर दिले आणि ते बाटली घेऊन उठले. "थंडा हुआ हुंगा," ते म्हणाले. "भर देतूँ. तुमकू देर होरी. उजाला है तब तक पुने कू पहुँचना." त्यांचा आवाज स्थिर होता. निघणाऱ्याला त्यांनी स्वतःहून 'निघा' म्हटलेले मी प्रथमच ऐकले.

इम्रान उठला. बापाच्या पुढे होऊन त्याने पालथा हात टाकीच्या झाकणावर ठेवला. तो तिथेच बराच वेळ राहू दिला. मग वळून न पाहता म्हणाला,

"अबी गरम है, अब्बा. बैठो."

खलीलसाब बाटली घेऊन परत चादरीवर बसले. इम्रान त्यांच्या शेजारी येऊन बसला.

मला घरी जायचे होते. उन्हे चढली होती. मी उठून पाय मोकळे केले आणि जाता जाता त्या झाकणावर हात ठेवून पाहिला. ते गार होते. मी हात मागे घेतला आणि चिंचेखाली येऊन बसलो.